वेस्ट पॉइंट : कवायतीच्या मैदानावर रुजलेला फुटबॉल

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर हडसन नदी डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीतून वाहते आणि पश्चिम तीरावरून पात्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकाला वळसा घालताना लागोपाठ दोन तीव्र वळणे घेते. शिडाच्या जहाजांना या वळणांवर वेग आवरावा लागे. म्हणूनच अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जानेवारी १७७८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्याने या टोकावर तळ ठोकला आणि ब्रिटिश आरमाराची वाट अडवण्यासाठी त्याच वर्षी नदीच्या आरपार एक प्रचंड लोखंडी साखळी टाकली. वेस्ट पॉइंट या नावाने ओळखला जाणारा हा तळ त्यानंतर कधीच उठला नाही. १६ मार्च १८०२ रोजी, टॉमस जेफरसन अध्यक्ष असताना, येथेच अमेरिकेच्या लष्करी अकादमीची स्थापना झाली. आज येथे सुमारे ४,४०० तरुण-तरुणी चार वर्षे पदवीचे शिक्षण आणि लष्करी प्रशिक्षण एकत्र घेतात; त्यांना कॅडेट म्हणतात, आणि पदवीनंतर अधिकारी म्हणून किमान पाच वर्षे सेनेत सेवा करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. विद्यार्थिसंख्येने लहान असलेल्या या संस्थेचा फुटबॉल संघ ‘आर्मी’ या एका शब्दाने साऱ्या देशाला परिचित आहे. त्याचा इतिहास आणि त्याच्या परंपरा ज्या जागांशी बांधलेल्या आहेत त्या कवायतीचे मैदान, टेकडीवरचे स्टेडियम आणि जुनी दफनभूमी या एकाच परिसरात, पायी फिरण्याच्या अंतरावर असल्यामुळे या स्थळाचा प्रवास हाच त्या इतिहासाचा क्रम ठरतो.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून सुटणारी उपनगरी रेल्वे हडसनच्या पूर्व काठाने, बराच वेळ पाण्याला लागून धावत गॅरिसन या छोट्या स्थानकावर पोहोचते. तेथून समोरच्या तीरावर करड्या ग्रॅनाइटच्या, किल्ल्याच्या तटासारख्या उभ्या भिंतींची रांग दिसते, तीच अकादमी होय. रस्त्याने येणारा प्रवासी १९२४ मध्ये खुल्या झालेल्या बेअर माउंटन पुलावरून पश्चिम तीरावर येतो आणि हायलंड फॉल्स या गावातून थेयर फाटकाशी पोहोचतो. हा कार्यरत लष्करी तळ असल्यामुळे ओळखपत्राची तपासणी झाल्याशिवाय आत प्रवेश मिळत नाही, आणि सामान्य पर्यटकाला बहुधा मार्गदर्शकासह बसने फिरावे लागते. फाटकाला नाव मिळाले आहे ते सिल्व्हेनस थेयर यांचे. १८१७ ते १८३३ या काळात अधीक्षक, म्हणजे संस्थेचे प्रमुख, असताना त्यांनी रोजचा अभ्यास, रोजची परीक्षा आणि कडक शिस्त यांची जी घडी बसवली, तिच्यामुळे त्यांना अकादमीचे जनक मानले जाते. त्या घडीत क्रीडास्पर्धांना स्थान नव्हते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण फुटबॉल येथे संस्थेच्या योजनेतून आला नाही, तर एका विद्यार्थ्याच्या हट्टातून आला.

हा फुटबॉल कोल्हापूरच्या पेठांमधील फुटबॉलपेक्षा वेगळा, अमेरिकी पद्धतीचा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून किंवा फेकून शंभर यार्ड लांबीच्या मैदानात पुढे न्यायचा, अकरा-अकरा खेळाडूंच्या संघांपैकी ज्याच्याकडे चेंडू असेल त्याला दहा यार्ड सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवला की ‘टचडाऊन’ होऊन सहा गुण मिळतात, अशी त्याची ढोबळ रीत आहे. भूमी इंचाइंचाने जिंकायची, फळी धरून ठेवायची आणि शत्रूला बगल द्यायची, हा या खेळाचा गाभा लष्करी मनाला जवळचा वाटावा असाच आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत तो रुळला असताना वेस्ट पॉइंट मात्र त्यापासून दूर होते.

नदीच्या वळणावरील ट्रॉफी पॉइंट या जागी जुन्या युद्धांत हस्तगत केलेल्या तोफा मांडलेल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये हडसनवर टाकलेल्या साखळीच्या तेरा कड्या जपून ठेवलेल्या आहेत. मूळच्या तेरा राज्यांची आठवण म्हणून ही संख्या राखली आहे. तेथून काही पावलांवर पसरलेली सपाट हिरवळ ‘द प्लेन’ या नावाने ओळखली जाते. याच मैदानावर कॅडेटांची संचलने होतात आणि याच मैदानावर २९ नोव्हेंबर १८९० रोजी सेनेच्या आणि नौदलाच्या अकादम्यांमधील पहिला सामना झाला. त्याचे श्रेय डेनिस मायकी या कॅडेटाकडे जाते. त्याचा जन्मच वेस्ट पॉइंटवर झालेला होता आणि त्याचे वडील पीटर मायकी तेथे प्राध्यापक होते. अकादमीत येण्यापूर्वी फुटबॉल खेळलेल्या मोजक्या कॅडेटांपैकी तो एक होता. मेरीलँडमधील अॅनापोलिस येथील नौदल अकादमीचा संघ तोपर्यंत अनेक वर्षे खेळत होता. तेव्हा तेथील मित्रांकडून आव्हान पाठवून घ्यायचे आणि सेनेने नौदलाचे आव्हान नाकारणे कसे शोभेल, असा पेच वरिष्ठांपुढे उभा करायचा, अशी युक्ती त्याने योजली. ती वडिलांच्या मदतीने सफल झाली. पाहुण्या संघाच्या प्रवासखर्चाचा निम्मा भार उचलण्यासाठी कॅडेटांनी प्रत्येकी ५२ सेंट वर्गणी दिली आणि सामना ठरला.

मायकी हाच त्या संघाचा कर्णधार होता आणि प्रशिक्षकही तोच होता. अनुभवी नौदल संघाने २४–० असा विजय मिळवला, परंतु त्या पराभवानेच या खेळाला वेस्ट पॉइंटवर मूळ धरू दिले, कारण पुढील वर्षी परतफेड करणे ही आता संस्थेच्या प्रतिष्ठेची बाब झाली. १८९१ मध्ये अॅनापोलिसला जाऊन आर्मीने ३२–१६ अशी ती परतफेड केली. मायकीच्या आयुष्याचा शेवट मात्र लवकर झाला. अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धात, १ जुलै १८९८ रोजी, क्यूबातील सान ह्वान टेकड्यांच्या लढाईत तो मारला गेला. खेळाचा संस्थापक आणि रणांगणावर पडलेला अधिकारी ही दोन्ही नाती एकाच व्यक्तीत जुळल्यामुळे या संघाच्या स्मृतीला आरंभापासून जो रंग चढला तो पुढे कधी उतरला नाही.

सेना आणि नौदल यांच्यातील या चुरशीचे मूळ त्यांच्या शिक्षणपद्धतीतही आहे. भारतात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदल, नौदल आणि वायुदल यांचे छात्र पहिली तीन वर्षे एकत्र राहतात. अमेरिकेत मात्र प्रत्येक दलाची अकादमी स्वतंत्र असून भावी अधिकाऱ्यांची घडण पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या वातावरणात होते. त्यामुळे वर्षातून एकदा होणारा हा सामना म्हणजे दोन दलांची समोरासमोर पडणारी गाठ असते, आणि ती सुरुवातीच्या काळात नेहमीच सौम्य राहिली असे नाही. १८९३ च्या सामन्यानंतर एक सेनाधिकारी आणि एक नौदल अधिकारी यांच्यातील वाद इतका विकोपाला गेला की विषय अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या मंत्रिमंडळापर्यंत पोहोचला आणि पुढील पाच वर्षे हा सामना बंद राहिला. त्याच १८९३ च्या सामन्यात जोसेफ रीव्ह्ज या नौदल छात्राने डोक्याच्या दुखापतीपासून बचावासाठी चामड्याचा टोप घातला होता. फुटबॉलमधील शिरस्त्राणाचा हा अगदी आरंभीचा वापर मानला जातो, आणि तोच छात्र पुढे नौदलात अॅडमिरल झाला.

१८९९ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला तो दोन्ही संस्थांच्या दरम्यान असलेल्या फिलाडेल्फिया शहरात, आणि आर्मीचे मानचिन्हही त्याच वर्षी ठरले. नौदलाने पहिल्याच सामन्याच्या वेळी एक बोकड सोबत आणला होता. वेस्ट पॉइंटच्या वाटेवर एका घराबाहेर बांधलेला तो छात्रांनी उचलला, अशी कथा सांगतात. त्याला उत्तर म्हणून फिलाडेल्फियातील सेनेच्या पुरवठा विभागातील एका अधिकाऱ्याने बर्फाची गाडी ओढणारे पांढरे खेचर शोधून, सजवून मैदानात उभे केले. ही निवड गमतीची वाटली तरी अर्थहीन नव्हती, कारण तोफा, दारूगोळा आणि शिधा वाहून नेणारे खेचर हा त्या काळच्या सेनेचा खरा आधार होता. १९३६ पासून अकादमी स्वतःची अधिकृत खेचरे बाळगू लागली, आणि ती सांभाळण्यासाठी व सामन्याच्या दिवशी त्यांच्यावर स्वार होण्यासाठी कॅडेटांचा स्वतंत्र गट नेमला जातो. संघाचे काळा, करडा आणि सोनेरी हे रंगही सैनिकी आहेत. कोळसा, सोरा आणि गंधक या बंदुकीच्या दारूच्या तीन घटकांचे ते रंग मानले जातात, आणि ‘ब्लॅक नाइट्स’, म्हणजे काळे सरदार, हे संघाचे टोपणनाव त्याच्या काळ्या पोशाखावरून पडले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वेस्ट पॉइंटवर खेळलेल्यांपैकी अनेकांची नावे पुढे युद्धेतिहासात आली. १९१२ च्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांसाठी असलेल्या कार्लाइल शाळेचा संघ, ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प याच्यासह, वेस्ट पॉइंटवर आला आणि आर्मीला २७–६ असे हरवून गेला. पुढच्याच सामन्यात गुडघ्याला झालेल्या इजेने आयझेनहॉवरची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली. ओमर ब्रॅडली हा त्याचा वर्गमित्रही संघात खेळला. १९१५ साली बाहेर पडलेल्या या वर्गातील १६४ पदवीधरांपैकी ५९ जण सेनापतिपदाच्या विविध श्रेणींपर्यंत पोहोचले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी तुलनेने अपरिचित असलेल्या नोत्र दाम संघाने याच परिसरात आर्मीचा ३५–१३ असा पराभव केला तो मुख्यतः चेंडू हवेतून पुढे फेकण्याच्या तंत्राने. हे तंत्र नियमात पूर्वीच आले होते, परंतु त्याचे सामर्थ्य देशाच्या ध्यानात आणून देण्याचे श्रेय बहुधा याच सामन्याला दिले जाते.

खेळाची किंमतही याच काळात कळली. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात यूजीन बर्न हा कॅडेट गंभीर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. आर्मीने त्या हंगामातील उरलेले सामने, नौदलाविरुद्धच्या सामन्यासह, रद्द केले. त्या वर्षी देशभरात झालेल्या अशा मृत्यूंमुळे खेळाचे नियम बदलून खेळाडूंच्या दाट गर्दीने होणारे धोकादायक हल्ले आवरणे भाग पडले. दहा वर्षांनी, पहिल्या महायुद्धातून परतलेले डग्लस मॅकआर्थर अधीक्षक झाले. विद्यार्थिदशेत ते फुटबॉल संघाचे व्यवस्थापक होते, आणि युद्धात त्यांनी जे पाहिले त्यावरून मैदानी खेळांत घडलेले गुण रणांगणावर उपयोगी पडतात अशी त्यांची खात्री झाली होती. १९१९ ते १९२२ या कारकिर्दीत त्यांनी प्रत्येक कॅडेटाला खेळ सक्तीचा केला. निवडक संघात स्थान नसलेल्यांनी आपापल्या तुकडीच्या संघातून खेळलेच पाहिजे, हा नियम आजही पाळला जातो. त्यामुळे येथील प्रेक्षक हा स्वतःही खेळाडूच असतो.

द प्लेनवरून पश्चिमेकडे चढत जाणारा रस्ता १९१० मध्ये पूर्ण झालेल्या कॅडेट चॅपल या गॉथिक धाटणीच्या प्रार्थनामंदिराजवळून लस्क जलाशयाकडे जातो, आणि जलाशयाच्या काठावर, डोंगराच्या कुशीत मायकी स्टेडियम उभे आहे. १९२४ मध्ये बांधलेल्या या स्टेडियमला संघाच्या संस्थापकाचे नाव देण्यात आले. त्याची आसनक्षमता दीर्घकाळ सुमारे ३८,००० होती, म्हणजे अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांच्या लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमांपुढे ते लहानच. पण पानगळीच्या दिवसांत लाल-पिवळे झालेले डोंगर, खाली जलाशय आणि त्याहून खाली हडसनचे पात्र असे दृश्य असलेले क्रीडांगण दुसरे नाही, असे क्रीडालेखक वारंवार सांगत आले आहेत. प्रवाशाने सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळातला एखादा शनिवार निवडावा, हे उत्तम.

सामन्याच्या दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सामन्याच्या काही तास आधी द प्लेनवर कॅडेटांचे संचलन होते आणि ते पाहण्यासाठी पालक, माजी विद्यार्थी आणि पर्यटक दगडी इमारतींसमोर दाटी करतात. त्यानंतर लोक टेकडी चढून स्टेडियमकडे येतात. सामन्याचा चेंडू अकादमीच्या छत्रीधारी पथकातील कॅडेट आकाशातून उतरून मैदानात आणतात. आर्मीने गुण मिळवले की तोफ डागली जाते आणि कॅडेट मैदानाच्या कडेला येऊन संघाच्या एकूण गुणांइतक्या जोरबैठकांच्या धर्तीचे ‘पुश-अप’ काढतात, म्हणजे संघ जितका पुढे जाईल तितकी समर्थकांची मेहनत वाढत जाते. सर्व कॅडेट गणवेशात, आपल्या तुकडीसह एकाच भागात बसतात आणि सामना संपेपर्यंत बहुतांश वेळ उभेच राहतात. ‘बीट नेव्ही’, म्हणजे नौदलाला हरवा, हे दोन शब्द भिंतींवर, छपरांवर आणि फलकांवर वर्षभर दिसतात, प्रतिस्पर्धी त्या आठवड्यात कोणीही असो.

या स्टेडियमचा सुवर्णकाळ अर्ल ब्लेक यांच्या नावाशी जोडलेला आहे. ‘रेड’ या टोपणनावाने ओळखले जाणारे ब्लेक याच अकादमीचे माजी विद्यार्थी होते. १९४१ ते १९५८ या अठरा हंगामांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली आर्मीने १२१ सामने जिंकले, ३३ गमावले आणि १० बरोबरीत सोडवले. दुसऱ्या महायुद्धात इतर विद्यापीठांचे खेळाडू सैन्यात भरती होत असताना उत्तम खेळाडू लष्करी अकादमीत येऊ शकत होते, या परिस्थितीचा लाभ संघाला झाला हे मान्य करूनही त्या वर्षांची कामगिरी असामान्य ठरते. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत आर्मी एकदाही हरली नाही. फळीच्या मधून धडक मारणारा डॉक ब्लँचर्ड आणि कडेने निसटणारा ग्लेन डेव्हिस या जोडीला वृत्तपत्रांनी ‘मिस्टर इनसाइड’ आणि ‘मिस्टर आउटसाइड’ अशी नावे दिली. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारे हाइझमन पारितोषिक ब्लँचर्डला १९४५ मध्ये आणि डेव्हिसला १९४६ मध्ये मिळाले. या तीन हंगामांतील एकमेव न जिंकलेला सामना म्हणजे नोव्हेंबर १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर नोत्र दामशी झालेली ०–० अशी बरोबरी होय.

याच वैभवातून १९५१ चे संकट उभे राहिले. कॅडेटाने खोटे बोलू नये, फसवणूक करू नये, चोरी करू नये आणि तसे करणाऱ्याला पाठीशी घालू नये, अशी अकादमीची मानसंहिता आहे. परीक्षांतील प्रश्नांची माहिती एकमेकांना पुरवल्याच्या प्रकरणात त्या वर्षी नव्वद कॅडेटांना अकादमी सोडावी लागली. त्यांत फुटबॉल संघातील खेळाडूंची संख्या मोठी होती आणि ब्लेक यांचा स्वतःचा मुलगाही होता. खेळाडूंवरील सरावाचा भार आणि अभ्यासाचा भार यांचा मेळ संस्थेला घालता आला नव्हता, हे या प्रकरणाने उघड केले. पण यशस्वी संघासाठी नियम वाकवायचा नाही, ही भूमिकाही त्यातूनच पक्की झाली. ब्लेक पदावर राहिले, त्या वर्षी संघाने नऊपैकी सात सामने गमावले, आणि दोन वर्षांत त्यांनी नव्या मुलांतून पुन्हा जिंकणारा संघ उभारला. त्या पुनर्बांधणीच्या काळात त्यांचे एक सहायक होते व्हिन्स लोम्बार्डी, जे पुढे व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वांत ख्यातनाम प्रशिक्षकांपैकी एक झाले.

ब्लेक यांच्या अखेरच्या, १९५८ च्या, संघाने एकही सामना गमावला नाही. त्या संघातील पीट डॉकिन्स याने हाइझमन पारितोषिक मिळवले, तेही कॅडेटांचा प्रथम कर्णधार हे अकादमीतील सर्वोच्च विद्यार्थिपद सांभाळत असताना. तो पुढे र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि सेनेत ब्रिगेडियर जनरल झाला. त्याच संघातील बिल कार्पेंटर हा इतरांच्या घोळक्यात न येता दूर कडेला एकटाच उभा राहून डावाची सूचना खुणांवरून ओळखत असे, म्हणून त्याला ‘एकाकी खेळाडू’ म्हणत. १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये शत्रूने घेरलेल्या आपल्या तुकडीला वाचवण्यासाठी त्याने स्वतःच्याच ठिकाणाजवळ हवाई हल्ला मागवला आणि त्या शौर्याबद्दल त्याचा गौरव झाला. १९५५ च्या संघातील डॉन हॉलेडर मात्र १९६७ मध्ये व्हिएतनामच्या जंगलात, जखमी सैनिकांच्या मदतीला धावत असताना मारला गेला. मायकी स्टेडियमजवळच्या बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या इमारतीला त्याचे नाव आहे.

परिसराच्या उत्तर भागात, नदीवरच्या उंचवट्यावर अकादमीची दफनभूमी आहे. डेनिस मायकी, अर्ल ब्लेक आणि ग्लेन डेव्हिस या तिघांच्या समाधी येथे आहेत. त्यांच्याभोवती अमेरिकेने लढलेल्या जवळजवळ प्रत्येक युद्धातील अधिकारी विसावले आहेत आणि एकविसाव्या शतकातील इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत पडलेल्या तरुण पदवीधरांच्या ओळीही त्यांत मिसळल्या आहेत. इतर विद्यापीठांत नामांकित खेळाडूंची स्मारके स्टेडियमच्या प्रवेशद्वाराशी असतात. येथे खेळाडूची आणि सैनिकाची स्मृती वेगळी ठेवलेलीच नाही, ही बाब दफनभूमीत फिरताना सर्वांत ठळकपणे जाणवते.

हंगामाचा शेवटचा अंक मात्र वेस्ट पॉइंटवर होत नाही. सेना-नौदल सामना डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, इतर महाविद्यालयांचा नियमित हंगाम संपल्यावर, बहुधा फिलाडेल्फियात आणि अधूनमधून अन्य शहरांत खेळला जातो. सामन्यापूर्वी दोन्ही अकादम्यांचे हजारो छात्र तुकड्या-तुकड्यांनी संचलन करत मैदानात येतात. त्यानंतर ‘कैद्यांची अदलाबदल’ होते. म्हणजे परस्परांच्या अकादमीत एक सत्र शिकण्यासाठी गेलेले छात्र मैदानाच्या मध्यावर येऊन आपापल्या बाजूला परत जातात. सामना संपल्यावर दोन्ही संघ प्रथम पराभूत संघाच्या छात्रांसमोर उभे राहून त्यांचे संस्थागीत ऐकतात आणि मग विजेत्यांच्या बाजूला जातात. आपले गीत दुसरे व्हावे हीच दोन्ही अकादम्यांची वर्षभराची आकांक्षा असते. १९७२ पासून कोलोरॅडोतील वायुदल अकादमीसह तिन्ही संघांत सरस ठरणाऱ्याला सरसेनापती चषक दिला जातो; अमेरिकेचा अध्यक्ष हाच तेथील सैन्याचा सरसेनापती असल्याने चषकाला हे नाव पडले.

देशाच्या इतिहासाने या सामन्याला वारंवार स्पर्श केला आहे. १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अध्यक्ष म्हणून प्रथम उपस्थिती लावली. १९२८ आणि १९२९ मध्ये खेळाडूंच्या पात्रतेवरून, म्हणजे अन्य महाविद्यालयांत खेळून आलेल्यांना आर्मीने खेळवावे की नाही या मुद्द्यावरून, सामना झाला नाही. १९३० मध्ये मंदीत बेकार झालेल्यांच्या मदतीसाठी तो पुन्हा भरवण्यात आला. १९४२ मध्ये युद्धकालीन प्रवासबंदीमुळे कॅडेट अॅनापोलिसला जाऊ शकले नाहीत, तेव्हा नौदलाच्याच काही छात्रांना आर्मीचा जयघोष करण्याचा आदेश मिळाला आणि पुढील वर्षी वेस्ट पॉइंटवर त्याची उलट परतफेड झाली. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे सामना पुढे ढकलून ७ डिसेंबरला घेण्यात आला, आणि त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर नुकतीच झालेली चाल लगेच पुन्हा दाखवण्याचे तंत्र प्रथम वापरले गेले. ती चाल आर्मीच्या रॉली स्टिचवे याच्या टचडाऊनची होती.

ब्लेक यांच्यानंतरची दशके चढउतारांची होती, आणि त्यामागचे कारण संस्थेच्या स्वरूपातच आहे. पदवीनंतर व्यावसायिक संघात जाऊ पाहणाऱ्या गुणी खेळाडूला पाच वर्षांची लष्करी सेवा अडसर वाटते, आणि सेनेच्या वजनमर्यादेमुळे इतर विद्यापीठांसारखे दीडशे किलोच्या आसपासचे खेळाडू फळीत उभे करता येत नाहीत. १९८४ मध्ये प्रशिक्षक जिम यंग यांनी यावर जो उपाय स्वीकारला त्याला ‘ऑप्शन’ पद्धती म्हणतात. यात चेंडू हाती असलेला खेळाडू विरोधकाची हालचाल पाहून तो मध्यातून घुसणाऱ्या सहकाऱ्याला द्यायचा, स्वतः घेऊन धावायचे की कडेच्या साथीदाराकडे टाकायचा, हे ऐन क्षणी ठरवतो. त्यामुळे प्रत्येक विरोधकाला बळाने ढकलण्याची गरज उरत नाही. शिस्त, सराव आणि अचूक निर्णय यांनी वजनाची उणीव भरून निघते. तरीही २००३ मध्ये संघाने तेराच्या तेरा सामने गमावले आणि २००२ ते २०१५ अशी सलग चौदा वर्षे नौदलाकडून पराभव पत्करला. २०१४ मध्ये जेफ मंकन प्रशिक्षक झाले, २०१६ मध्ये २१–१७ अशा विजयाने ती साखळी तुटली, आणि २०१८ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले. याच काळात नौदलाविरुद्धच्या सामन्यासाठी दरवर्षी सेनेच्या एखाद्या नामांकित तुकडीच्या इतिहासावर आधारलेला पोशाख घालण्याची प्रथाही रूढ झाली.

दीर्घकाळ बहुतांशी स्वतंत्रपणे खेळलेला हा संघ २०२४ मध्ये अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स या विद्यापीठ-गटात सामील झाला आणि पहिल्याच वर्षी मायकी स्टेडियमवर टुलेनला ३५–१४ असे हरवून त्याने गटाचे अजिंक्यपद मिळवले. नौदलाचा संघही याच गटात आहे. तरीही दोघांमधील वार्षिक सामना गटाच्या गुणतक्त्यात न धरता आपल्या जुन्या जागी, डिसेंबरमध्येच, स्वतंत्र ठेवण्यात आला. अजिंक्यपदानंतर आठच दिवसांनी झालेल्या त्या १२५ व्या सामन्यात नौदलाने आर्मीला ३१–१३ असे हरवले आणि कॅडेटांना आपले गीत आधी गावे लागले. महाविद्यालयीन खेळात पैसा झपाट्याने वाढत असताना आणि खेळाडू दरवर्षी संस्था बदलत असताना वेस्ट पॉइंटचा खेळाडू मात्र सेवेच्या करारामुळे तेथेच राहतो, तेथेच शिकतो आणि सेनेत जातो. ज्या बंधनांनी संघाला एकेकाळी दुबळे केले त्याच बंधनांनी त्याला आज स्थैर्य दिले आहे, आणि हंगामाचे यश अजिंक्यपदाने मोजायचे की डिसेंबरच्या त्या एका शनिवाराने, या प्रश्नाचे उत्तर मायकीच्या काळापासून येथे बदललेले नाही.